टोकियोतील लाकडी वास्तू आणि आपला विहार

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला सांगितले की, तुम्ही जपान पाहून आलात, तर चार शब्द बोला. आम्ही काही वक्ते नाही. आमच्यापैकी एकाने रेल्वेच्या कारखान्यात सुतारकामात उमर घालवली आणि दुसरीने याच विहारात बालवाडी चालवली. आज माइकसमोर एकच जण उभा असला तरी पाहिलेले दोघांनी आहे, म्हणून बोलणेही दोघांचे समजावे.

आमची थोरली लेक नोकरीनिमित्त टोकियोला असते. २०२४ च्या नोव्हेंबरात तिने आम्हाला बोलावून घेतले. तिला सुट्टी मिळाली दोनच दिवसांची. ती म्हणाली, "बाबा, सगळे शहर दोन दिवसांत होणार नाही. तुम्हाला नक्की काय बघायचे?" आम्ही म्हटले, "बाई, उंच इमारती मुंबईतही आहेत. आम्हाला लाकूडकाम दाखव." त्यावर ती हसली आणि म्हणाली, "मग तुम्हाला नव्या इमारती दाखवते." आम्हाला वाटले, पोरगी चेष्टा करते आहे. नव्या इमारतीत कुठले आले लाकूड? पण तिचेच खरे निघाले.

पहिल्या दिवशी असाकुसाला गेलो. तिथे सेन्सो-जी हे टोकियोतले सर्वांत जुने बौद्ध मंदिर आहे. कथा अशी की, इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात अवलोकितेश्वराची मूर्ती लागली, आणि तिच्यासाठी हे मंदिर उभे राहिले. अवलोकितेश्वराला तिकडे कान्नोन म्हणतात. ती मूळ मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत. दारातला तो भला मोठा तांबडा कंदील तुम्ही कॅलेंडरवर पाहिला असेल. जवळजवळ चार मीटर उंच आणि सातशे किलो वजनाचा आहे तो.

आत गेलो, वंदन केले, एका कडेला उभे राहून मनातल्या मनात त्रिसरण पंचशील घेतले. मग सुताराची सवय, खांबाजवळ जाऊन बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. आवाज लाकडाचा नव्हता! पुन्हा ठोकले. तरी नाही. लेक म्हणाली, "बाबा, हे सगळे काँक्रीट आहे."

तिने सांगितले ते ऐकून आम्ही गप्प झालो. इथले जुने लाकडी मंदिर १६४९ साली बांधलेले होते. १९२३ च्या मोठ्या भूकंपात ते उभे राहिले. पण १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियोवर आगीचे बाँब टाकले. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली, आणि त्या आगीत मंदिरही गेले. आवारात भाजल्याच्या खुणा अंगावर असलेली गिंकोची झाडे आजही उभी आहेत. लोकांनी वर्गणी काढून १९५८ साली मंदिर पुन्हा उभारले, पण ते सिमेंट-काँक्रीटचे. पाच मजली पॅगोडा १९७३ साली झाला, तोही तसाच. ज्यांनी आपले घर जळताना पाहिले, ते पुन्हा लाकूड लावायला धजले नाहीत, यात त्यांचे काय चुकले? १९५९ साली तर जपानच्या स्थापत्यशास्त्र संस्थेनेच ठराव केला की, आग आणि वादळापासून बचावासाठी लाकडी बांधकाम नको.

मात्र मंदिराच्या पूर्वेला नितेन-मोन नावाची एक वेस आहे. ती १६१८ सालची, अस्सल लाकडाची. त्या आगीतून ही वाचली. गर्दी सगळी कंदिलापाशी होती, इथे कोणी नव्हते. आम्ही त्या खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे होतो.

आता गंमत बघा. त्या कंदिलाच्या वेशीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, प्रवाशांना माहिती देणारे सरकारी केंद्र आहे. २०१२ साली उघडले. केंगो कुमा नावाच्या आर्किटेक्टने त्याचा आराखडा केला. इमारत आठ मजली आहे, पण पाहताना वाटते की उतरत्या छपराची लहान लहान घरे कोणी एकावर एक रचून ठेवली आहेत. अंगाला सगळीकडून लाकडाच्या उभ्या पट्ट्या. आत जायला पैसे पडत नाहीत. लिफ्टने आठव्या मजल्यावर गेलो, गच्चीवरून खाली मंदिराची छपरे आणि पलीकडे ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा दिसला. तिथे उभे राहून आम्हाला जाणवले की, अलीकडे नवे आहे ते लाकडात आहे, आणि पलीकडे जुने आहे ते काँक्रीटमध्ये आहे. काळाचा फेरा म्हणतात तो हाच.

खरे तेच सांगायचे तर, या इमारतीचा सांगाडा पोलादाचा आहे. लाकूड हा तिचा अंगरखा. सुताराच्या नजरेला ते लगेच कळते, आणि थोडी निराशाही झाली. पण तेवढ्यात आमच्या बाईंनी पट्टीवरून बोट फिरवले आणि विचारले, "एवढ्या पट्ट्या पुसतो कोण?" आम्ही सगळे हसलो. पण तो प्रश्न पुढे आमच्या दोन्ही दिवसांचा सोबती झाला.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय स्टेडियमला गेलो. २०२० चे ऑलिंपिक करोनामुळे २०२१ साली झाले, ते याच स्टेडियममध्ये. आधी एक वेगळाच अवाढव्य आराखडा मंजूर झाला होता. खर्च फार वाढला म्हणून २०१५ साली तो रद्द केला, आणि पुढे कुमा व बांधकाम कंपन्यांनी मिळून आताचे स्टेडियम २०१९ मध्ये पुरे केले. साठ हजारांवर माणसे बसतील एवढे मोठे, पण उंची पन्नास मीटरच्या आत ठेवलेली. बाहेरून त्याला वळचणींवर वळचणी आहेत, आणि प्रत्येक वळचणीच्या पोटाला लाकडाच्या पट्ट्या. जपानमध्ये आपल्या राज्यांसारखे सत्तेचाळीस प्रांत आहेत. त्या सत्तेचाळीसही प्रांतांतून हे लाकूड आणले. शेहेचाळीस प्रांतांनी सुगीचे दिले. सुगी म्हणजे आपल्या देवदारासारखे सरळसोट वाढणारे झाड. ओकिनावात सुगीऐवजी तिथला पाइन घेतला. आणि लावताना उत्तरेकडच्या प्रांतांचे लाकूड स्टेडियमच्या उत्तरेला, दक्षिणेकडचे दक्षिणेला.

आम्ही बाहेरूनच एक प्रदक्षिणा घातली. लेक बोट दाखवून सांगत होती, हे अमक्या बाजूचे, ते तमक्या बाजूचे. ज्याच्या प्रांतातले लाकूड आहे तो माणूस इथे आला की वर बघून म्हणत असेल, ही आमची पट्टी. गावाकडून एकेक वीट आणून घर बांधावे, तसे ते वाटले. छपराच्या कैच्यांतही पोलादाबरोबर लाकूड आहे. तिथे ते नुसते शोभेचे नाही. वारा आणि भूकंप यांनी छप्पर हलू नये म्हणून त्याला कामाला लावले आहे.

तिथून आओयामा भागात गेलो. गल्लीत अननसाचे केक विकणारे सनीहिल्स नावाचे तीन मजली दुकान आहे, २०१३ सालचे, तेही कुमांचेच. दुरून पाहिले तर सुगरणीचे घरटे! हिनोकी लाकडाच्या साठ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी काठ्या, तिरप्या, एकमेकींत गुंतवलेल्या. जिथे जिथे दोन-तीन काठ्या भेटतात तिथे तिथे खाच पाडून एकीत दुसरी बसवली आहे. या जोडाला जपानी सुतार नरकाचा जोड म्हणतात, कारण एकदा अडकला की सुटत नाही. आत काँक्रीटही आहे, सगळा भार काही काठ्यांवर नाही. तरी पण सांधा बघायला आम्ही नाक लावून उभे राहिलो. मधे कागद सरकणार नाही इतके घट्ट काम. आमच्या कारखान्यात असा सांधा करणारे दोनच मिस्त्री होते.

तिथून वर पाहताना, लाकडाच्या फटींतून ऊन खाली येत होते, आणि आमच्या बाई पटकन म्हणाल्या, "अहो, कार्ल्याची आठवण येते." आपल्या विहाराची सहल कार्ल्याला गेली होती, तेव्हा आपण सगळ्यांनी चैत्यात उभे राहून वर पाहिले होते, आठवते ना? डोंगर कोरून लेणे केले, छपराला आधाराची काहीच गरज नाही, तरीही वर कमानदार लाकडी वासे बसवले आहेत. ते वासे सुमारे दोन हजार वर्षांचे आहेत. आधी आपले चैत्य आणि विहार लाकडाचे होते, तेच रूप मग दगडात उतरवले, म्हणून ते वासे तिथे आहेत. आणि त्या चैत्याच्या दर्शनी भागावर एक लेख कोरलेला आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी, धंद्याने सुतार, याने दाराचे काम केले, असा त्याचा अर्थ. राजांची नावे आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, त्यात एका सुताराचे आहे. सुतारकी करणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते आम्ही बोलून दाखवत नाही.

रात्री घरी लेकीला विचारले, की ज्या लोकांनी लाकूड नको असा ठराव केला, तेच आता स्टेडियमला लाकूड का लावतात? तिने समजावले ते असे. युद्धात आणि युद्धानंतर जपानची जंगले फार तोडली गेली. मग लोकांनी डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी लावली. पण झाडे मोठी होईपर्यंत परदेशाहून स्वस्त लाकूड येऊ लागले, शहरांत काँक्रीट आले, आणि खेड्यातली तरुण पोरे शहरात गेली. लावलेल्या रानाची विरळणी करायला माणूस राहिला नाही. दाट रानात जमिनीवर ऊन पोचत नाही, माती धुपते. वसंत ऋतूत सुगीचा पराग उडतो, त्याने असंख्य लोकांना शिंका आणि डोळ्यांचा त्रास होतो. म्हणून २०१० साली कायदा केला, की सरकारी इमारतींत लाकूड वापरावे. २०२१ मध्ये तो इतर इमारतींनाही लागू केला. म्हणजे तिकडे लाकूड वापरणे हे जंगलाची निगा राखणेच आहे. लावले, आणि मग पाहिलेच नाही, तर लावलेलेही त्रास देते.

मग आमच्या बाईंनी आपला तोच प्रश्न काढला, पुसतो कोण? तेव्हा लेकीने त्याच वर्षी गाजलेली एक बातमी सांगितली. तोचिगी प्रांतात नाकागावा नावाच्या लहान गावी हिरोशिगे या चित्रकाराचे संग्रहालय आहे. २००० साली बांधले, कुमांच्याच आराखड्याने, स्थानिक सुगीच्या पट्ट्यांचे. जगभर नाव झाले. पण छपरावरच्या पट्ट्या ऊन-पावसात उघड्या राहिल्या, आणि चोवीस वर्षांत कुजून तुटू लागल्या. दुरुस्तीचा अंदाज सुमारे तीस कोटी येन. लहान गाव ते, एवढा पैसा आणावा कुठून, हा त्यांना प्रश्न पडला.

आम्हाला यात त्या आर्किटेक्टला नावे ठेवायची नाहीत. पण सुतार म्हणून एक सांगतो. लाकूड मरत नाही, ते पाणी पिते. टोकाकडून पिते, खिळ्याच्या भोकातून पिते. पाणी पिऊन वाळले तर काही होत नाही. पिऊन तसेच ओले राहिले तर कुजते. म्हणून उघड्यावरच्या लाकडाकडे दरवर्षी कोणीतरी शिडी लावून पाहिले पाहिजे. बांधणाऱ्याचा फोटो छापून येतो, शिडी धरणाऱ्याचा येत नाही.

याच्या उलट उदाहरणही जपानातच आहे. नारा शहराजवळ होर्यू-जी हे बौद्ध मंदिर आहे. तिथवर आम्ही जाऊ शकलो नाही, पण त्याच्याविषयी आम्ही पूर्वीपासून वाचत आलो आहोत. इ. स. ६०७ मध्ये ते स्थापन झाले, ६७० मध्ये जळाले, आणि पुन्हा बांधले ते आज तेराशे वर्षे उभे आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती त्याच आवारात आहेत. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशी ज्यांची तुलना करतात अशी भित्तिचित्रे तिथे होती. २६ जानेवारी १९४९ रोजी दुरुस्ती चालू असतानाच आग लागून ती करपली. पुढे तो दिवस जपानात पुरातन वास्तूंच्या आगप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळतात, त्या दिवशी मंदिरांत पंप चालवून सराव करतात. होर्यू-जीचे शेवटचे मोठे मिस्त्री निशिओका १९९५ साली वारले. त्यांच्या घराण्याची शिकवण अशी, की झाड डोंगराच्या ज्या बाजूला वाढले त्याच बाजूला त्याचा खांब लावावा. जुन्या जपानी देवळांत खांबाचा पाय कुजला तर सगळा खांब फेकत नाहीत. कुजका पाय कापून तिथे नवा पाय सांधतात, आणि सांधा उघडा दिसू देतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

तेव्हा बंधूंनो, लाकूड की काँक्रीट, हा प्रश्नच खरा नाही. तेराशे वर्षांचे लाकूड उभे आहे आणि चोवीस वर्षांचे कुजले. सेन्सो-जीचे काँक्रीटसुद्धा दुर्लक्ष करून टिकलेले नाही. त्याच्या छपराची कौले २०१० साली काढून हलकी टायटॅनियम धातूची घातली. कोणतीही वस्तू आपल्या बळावर टिकत नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. पण अनित्य आहे म्हणून हात सोडायचा नसतो. अनित्य आहे म्हणूनच हात लावायचा असतो. अप्रमाद म्हणतात तो हाच, असे आम्हाला वाटले.

आता घरचे दोन शब्द. आपला पहिला विहार पत्र्याचा होता, हे इथल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. त्याला एक सागवानी दरवाजा होता. कामावरून सुटून आल्यावर कंदिलाच्या उजेडात चौघांनी तो केला, त्या चौघांत आम्ही होतो. बाकीचे तिघे आज हयात नाहीत. पुढे स्लॅबचा विहार झाला, आनंदच झाला, आणि तो दरवाजा मागच्या खोलीत गेला. जपानहून परतल्यावर आम्ही दोघांनी ती खोली उघडली. चौकटीचा खालचा भाग वाळवीने पोखरलेला होता. हात लावला तर भुगा पडला. दोष कोणाला देणार? दर रविवारी इथे येऊन आम्हीच त्या खोलीकडे कधी पाहिले नाही. सुतार असून पाहिले नाही.

कुजका भाग कापून आम्ही नवा पाय सांधला आहे. नवे लाकूड फिक्के दिसते. रंग लावून लपवले नाही. तो दरवाजा आज मंचाच्या बाजूला उभा केला आहे, सर्वांनी पाहून घ्यावा. तो पुन्हा बसवावा की नाही, ते समितीने ठरवावे. आमचा हट्ट नाही.

हट्ट दुसऱ्या गोष्टीचा आहे. आपल्या स्लॅबला ओल आली आहे. जिन्याखाली सळई उघडी पडून गंजली आहे. आणि या वर्षीच्या जमाखर्चात रोषणाईला रक्कम आहे, दुरुस्तीला रकाना नाही. राग मानू नका, पण हे बोलायला आम्हीच योग्य, कारण आम्हीही तेवढेच चुकलो आहोत. आमची विनंती अशी, की पुढच्या वर्षापासून रोषणाईच्या निम्मे पैसे दुरुस्तीच्या नावाने वेगळे ठेवावेत. वर्षावासापूर्वी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी सगळ्यांनी मिळून गच्ची, पन्हाळी, दारे, खिडक्या तपासाव्यात, आणि काय केले ते एका वहीत तारखेसह लिहावे. त्या वहीत वर्गणी देणाऱ्याचे नाव नसले तरी चालेल. शिडी धरणाऱ्या पोराचे, फरशी पुसणाऱ्या बाईचे नाव मात्र असावे. सामीचे नाव दोन हजार वर्षे राहिले, आपल्या पोरांचे वहीत तरी राहो.

रंधा, पटाशी, करवत ही आमची हत्यारे आम्ही विहाराला देत आहोत. ज्या मुलामुलींना शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे. दरवाजाला तेल द्यायचे बाकी आहे, तिथूनच सुरुवात करू. हात थरथरतात, पण डोळा अजून चांगला आहे.